बाईंची फुलदाणी आणि माझा ग्लू

मी जन्मभर वस्तू चिकटवण्याचं काम केलं. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला एका कंपनीत गाड्यांसाठी लागणारे ग्लू तयार करायचो. तुमच्या गाडीची पुढची काच जागेवर राहते, छतातून पाणी गळत नाही, यामागे माझ्यासारख्यांची हयात गेलेली असते. पण हे कुणाला माहीत नसतं, आणि सांगितलं तरी कुणी फार वेळ ऐकून घेत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात एखाद्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही कशात होता?" की मी "ॲडहेसिव्ह्ज" म्हणायचो, आणि त्याला नेमकं तेव्हाच आठवायचं की आपल्याला आणखी कोशिंबीर घ्यायची आहे.

त्यामुळे रिटायर झाल्यावर एका माणसाने माझ्या ग्लूमध्ये मनापासून रस घेतला, तेव्हा मी पार विरघळलो. ते माणूस म्हणजे आमच्या शेजारीणबाई. ॲन आर्बरमधल्या आमच्या रस्त्यावर आमच्या कितीतरी आधीपासून राहणाऱ्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, ताठ, आणि समोरच्याचं वाक्य चुकलं तर भुवई उचलणाऱ्या. घरात आम्ही त्यांना 'बाई'च म्हणतो. शिकवणाऱ्या बाईला दुसरं काही म्हणायची माझ्या जिभेला सवय नाही. त्या बोलायच्या अर्थातच इंग्रजी, पण इथे मी त्यांचं बोलणं मराठीतच सांगतो, कारण आठवताना मला त्या मराठीतच ऐकू येतात.

बाईंच्या फायरप्लेसवर एक फुलदाणी होती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, ही कुणाच्या तरी रुखवतातून निसटून इकडे आली असावी. वीतभर उंची. पोट फुगलेलं, खांद्याशी जाळीसारखी भोकं, गळ्याभोवती झालर, आणि जिथे म्हणून जागा सापडली तिथे चिनीमातीची फुलं बसवलेली. दोन बाजूंना दोन बायकांचे चेहरे होते, ते त्या फुलांच्या गर्दीतून कसाबसा श्वास घेत होते. पोटावर आणखी फुलं, ती रंगवलेली. आणि त्यांच्याखाली एक निळं फुलपाखरू. 'आता पुरे' असं म्हणणारं मोठं माणूस त्या कारखान्यात कुणी नव्हतं एवढं नक्की.

"छान आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलू नकोस. भयंकर आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या आईला तिच्या आईने दिली. इंग्लंडमधली, फार जुनी. सॉफ्ट पेस्ट पोर्सिलेन म्हणतात. या भोकांतून वास यायला हवा म्हणून आत सुकवलेल्या पाकळ्या ठेवायच्या. पाणी कधीच घालायचं नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते माझ्या विरुद्ध जाणार आहे.

रिटायर माणसाच्या हाती एखादा विषय लागला की घरच्यांचं काही खरं नसतं. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. आणि खरं सांगतो, मला ती इंग्रज मंडळी माझ्याच बिरादरीतली वाटली. चीनहून येणारं पोर्सिलेन सगळ्या बड्या घरांना हवं होतं, पण ते नक्की कशाचं बनतं हे इंग्लंडात कुणाला नीट उमगलेलं नव्हतं. मग यांनी आपापल्या अकलेने प्रयोग सुरू केले. पांढऱ्या मातीत कुणी वाटलेली काच घातली, कुणी शंखजिरं, कुणी हाडांची राख. भट्टीत माल वाकायचा, बसायचा, तडकायचा. जो टिकायचा त्यावर डाग आणि बारीक भेगा. आणि मग त्यांची खरी हुशारी: जिथे डाग तिथे चित्रकार एक पान काढायचा, किंवा किडा, किंवा फुलपाखरू. दोष झाकला आणि वर शोभा आली. मी आमच्या कंपनीत कितीतरी वर्षं हेच केलं, फक्त आम्ही त्याला 'डिझाइन फीचर' म्हणायचो.

हे सगळं मी बाईंना त्यांच्याच फुलदाणीसमोर उभं राहून सांगायचो. त्या ऐकून घ्यायच्या, आणि मधेच ग्लूचं काहीतरी विचारायच्या. कुठला ग्लू किती तापला की सुटतो, कुठला पाण्यात विरघळतो. मी म्हणायचो, "माझा एकही नाही." त्या म्हणायच्या, "अरेरे." मला वाटायचं ते कौतुक आहे.

मग एका थंडीत बाईंनी ठरवलं, आता एवढं मोठं घर पुरे. आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग नीट चालता येईपर्यंत काही आठवडे रिहॅब सेंटरमध्ये, आणि तिथून थेट गावातल्याच एका सीनियर लोकांच्या अपार्टमेंटमध्ये. नवी खोली म्हणजे पलंग, खुर्ची आणि खिडकीशी एक फळी. भाचा येऊन घर रिकामं करणार होता. पुस्तकं, फर्निचर, चित्रं, सगळं वाटून टाकायचं ठरलं.

"त्या फळीवर एकच वस्तू नीट दिसेल," बाई म्हणाल्या. "म्हणून मी हीच ठेवली आहे. पण मूव्हर्सच्या हातात मी हिला देणार नाही. मी तिकडे जाईपर्यंत तुझ्याकडे राहू दे. तू चिकटवणारा माणूस आहेस. तिकडे गेले की आपण दोघं बसून हिच्याकडे जरा बघू."

मी फुलदाणी छातीशी धरून बर्फातून पावलं मोजल्यासारखा चालत घरी आलो. जन्मभराच्या सामानातून बाईंनी एकच वस्तू स्वतःसाठी ठेवली होती, आणि ती आता माझ्याकडे होती. हे मला पूर्ण कळलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमच्या घरात सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे देवघर. वरच्या मजल्यावरच्या एका क्लोजेटमध्ये बायकोने ते थाटलंय, काचेचं दार आहे, आत मऊ दिवा आहे, आणि तिथे हात लावायची मलासुद्धा परवानगी घ्यावी लागते. बायको नागपूरची. तिने फुलदाणी चारी बाजूंनी न्याहाळली आणि म्हणाली, "ठेवा बापा इथे. लक्ष्मीच्या शेजारी शोभते." इथे मी गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण लायब्ररीची पुस्तकं डोक्यात होती.

"तुला गंमत माहितीय का," मी म्हणालो, "यातल्या काही कारखान्यांत मातीमध्ये हाडांची राख घालायचे."

"कशाची?"

"हाडांची. जाळून, कुटून."

"कुणाच्या हाडांची?"

"गाईगुरांच्या, दुसऱ्या कुणाच्या असणार."

ती एकदम शांत झाली. आमच्या घरात आवाज चढला तर काळजी नसते, शांतता झाली तर असते.

"अहो," ती म्हणाली, "उचला ते."

"हिच्यात असेलच असं नाही. दर कारखान्याची कृती वेगळी होती."

"देवाजवळ नाही, आणि माझ्या स्वयंपाकघरातही नाही. तुमच्या ऑफिसात ठेवा."

माझं ऑफिस म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीचं टेबल, एक खुर्ची आणि प्रिंटर. तिथे ती काही दिवस राहिली. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मंडळातल्या बायका, युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलामुलींची टोळी, आणि त्यांच्याबरोबर धावणारी पोरं. मागल्या वर्षी यातल्या एकाने माझ्या ऑफिसात शिरून प्रिंटरला तिळगूळ खायला घातला होता. दुपारपासून मी फुलदाणी घेऊन घरभर हिंडत होतो. दाराजवळच्या क्लोजेटमध्ये पाहुण्यांचे कोट पडणार. गॅरेजमध्ये पाणीसुद्धा गोठतं. पलंगाखाली पोरं लपतात. आणि मग माझी नजर डिशवॉशरवर गेली.

इथे आमच्या डिशवॉशरविषयी सांगायला हवं. ते घराबरोबर आलं आणि आजवर त्याने एकही भांडं धुतलेलं नव्हतं. आम्ही भांडी हातानेच घासतो आणि निथळायला त्यात लावतो. ते आमचं ताटाळं आहे. इथे वाढलेली आमची मुलगी त्यावरून आम्हाला लहानपणापासून हसत आली आहे. माझा इंजिनियरचा मेंदू मात्र चमकला. दार घट्ट बसतं. पोरांना उघडत नाही. आत रबरी टोकांच्या तारा, म्हणजे फुलांना धक्का नाही. आणि त्या दिवशी ते रिकामंही होतं, कारण घरातली झाडून सगळी भांडी पाहुण्यांसाठी बाहेर निघाली होती. मी वरचा ट्रे काढला, खालच्या ट्रेमध्ये मधोमध फुलदाणी बसवली आणि दार लावलं. बायकोला सांगितलं नाही. हाडं आणि स्वयंपाकघर याविषयी तिचं मत ऐकून झालं होतं, ते पुन्हा ऐकायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी वर बायका काळ्या साड्यांमध्ये जमल्या आणि आम्ही पुरुष परंपरेप्रमाणे बेसमेंटमध्ये हाकलले गेलो. चहा, तिळाच्या वड्या, थंडीची तक्रार. मग एका विद्यार्थ्याने निव्वळ सभ्यपणाने विचारलं, "काका, सध्या काय चाललंय?" बिचाऱ्याचा काय दोष. मी सॉफ्ट पेस्टवर बोलायला सुरुवात केली. भट्ट्या, वाकलेला माल, सगळं. फुलपाखरापर्यंत पोचलो तेव्हा मी रंगात आलो होतो.

"म्हणजे बघा," मी सांगत होतो, "त्या काळच्या वस्तूवर एखादं फुलपाखरू जरा विचित्र जागी दिसलं की समजायचं, खाली काहीतरी लपलंय. हे ओळखायला नजर लागते."

"तुमच्याकडे आहे का अशी एखादी, काका?"

"आहे की. शेजारच्या बाईंची. मोठ्या विश्वासाने माझ्याकडे ठेवली आहे. आत्ता या घरात सर्वांत सेफ वस्तू कुठली असेल तर ती."

तेवढ्यात जिन्यावर आमचा जावई दिसला. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वाढलेला, सरळ, मदतीला सदा तयार मुलगा. त्याला कामाला लावू नये असं बायकोचं म्हणणं असतं आणि त्याला ते पटत नाही.

"बाबा, वरची डिशेस मी लोड केली. स्टार्ट करू का?"

"कर, कर," मी हात हलवत म्हणालो आणि पुन्हा श्रोत्यांकडे वळलो. "तर मुख्य गोष्ट म्हणजे, या सॉफ्ट पेस्टला एकदम गरम पाणी अजिबात चालत नाही."

वरून एक घरघर ऐकू येऊ लागली. मला वाटलं हीटर. मी आवाज चढवून बोलत राहिलो. भट्टीच्या तापमानावर आलो तेव्हा कुठे माझ्या मेंदूत 'लोड केली' हा शब्द पोचला.

त्या जिन्यावरून मी इतक्या वेगाने पूर्वी कधी चढलो नव्हतो आणि यापुढे चढेन असं वाटत नाही. वाण लुटण्याचा कार्यक्रम चालू होता. त्या बायकांमधून वाट काढत मी डिशवॉशरचं दार उघडलं. वाफेचा लोट आला आणि माझा चष्मा धुरकटला. मला आधी काही दिसलंच नाही, नुसता वास आला. तो वास ओळखीचा होता. मी मिरजेचा. आमच्या शाळेच्या वाटेवर तंबोरे बनवणाऱ्यांची दुकानं होती, तिथे डब्यात सरस गरम होत असायचा, अगदी तसा उग्र, कातडी उकळल्यासारखा वास. मी आयुष्यात हुंगलेला पहिला ग्लू. पण तेव्हा मला एवढंच वाटलं की आपल्याला आता भोवळ येणार आणि माणसाला म्हणे अशा वेळी लहानपण आठवतं.

चष्मा पुसला. स्टीलच्या वाट्यांच्या मधोमध फुलदाणी पाकळ्या उघडाव्यात तशी उघडून पडली होती. झालर एकीकडे, पोटाचे दोन तुकडे, एक चेहरा वर तोंड करून वाटीत. निळं फुलपाखरू नाहीसं झालेलं.

माझ्या खांद्यावरून बायकोने डोकावून पाहिलं. तिचं पहिलं वाक्य मी जन्मभर विसरणार नाही.

"हाडं. माझ्या वाट्यांबरोबर."

"बाबा, आय थॉट तुम्ही ते धुवायलाच ठेवलंय," जावई म्हणाला. "सोप सापडला नाही, म्हणून मी नुसतंच हॉट वॉटर लावलं."

त्याला काय बोलणार? डिशवॉशरमध्ये वस्तू धुवायला ठेवतात असं समजणारा आमच्या घरातला तो पहिलाच माणूस होता.

पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, "आत्ता बाईंना फोन लावा."

"रिहॅबमध्ये आहेत त्या. कशाला उगाच त्रास? आधी दुरुस्त करतो, मग सांगतो."

"तुम्ही दुरुस्त केलं की मग फक्त वाईटच बातमी उरते."

मी ऐकलं नाही. कारण आता प्रश्न माझ्या धंद्याचा होता. तुटलेला सांधा तपासणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग. कुठून सुटलं, का सुटलं, कडा कशा आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मी लोकांना चार-चार पानी रिपोर्ट दिलेले. या तुकड्यांच्या कडा तपकिरी होत्या, गुळगुळीत होत्या, बोटाला चिकट लागत होत्या. नवी तुटलेली कड कधी अशी नसते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल. मी काय केलं? "भलतीच घाण साचलीय," असं म्हणून त्या स्वच्छ धुतल्या.

मग मी माझा ग्लू बाहेर काढला. रिटायर होताना लोक घड्याळ आणतात, मी दोन ट्यूब आणल्या होत्या. याला तापवा, गोठवा, मिठाच्या पाण्यात बुडवून ट्रकने ओढा, हा सोडत नाही. सोडू नये म्हणूनच मला पगार मिळायचा. लाँड्रीच्या खोलीत मी तुकडे जुळवले आणि कोथिंबिरीच्या जुड्यांचे जमवलेले रबर बँड त्यांच्याभोवती ताणून बसवले. बायकोचा हेअर ड्रायर दुरून धरून ऊब दिली. मधे चहा प्यायला गेलो. परत आलो तर एक रबर बँड तुटलेला, आणि वरचा भाग किंचित फिरून पक्का झालेला. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. पण आता ते दोन्ही चेहरे नाकासमोर बघण्याऐवजी कुणाची तरी चुगली ऐकत असल्यासारखे कलले होते.

फुलपाखरू राहिलं होतं. फोनमध्ये फुलदाणीचा एक जुना फोटो होता, त्यावरून रंगवायचं ठरवलं. घरात निळा रंग एकच, माझ्या गाडीवरचे ओरखडे झाकायचं टच-अप पेन. त्याने काढलं. ते चमकत होतं. मेटॅलिक.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"नंबर प्लेट लावा," बायको म्हणाली.

बाई नव्या खोलीत राहायला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फुलदाणी घेऊन गेलो. लिफ्टमध्ये मी वाक्यं जुळवत होतो. बाई खिडकीशी खुर्चीत, शेजारी वॉकर. फळी पुसून रिकामी ठेवलेली. मी वेष्टण उघडून फुलदाणी त्यांच्या मांडीवर दिली. बोलायला तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या,

"हे फुलपाखरू तुझ्या गाडीच्या रंगाचं आहे."

मग मी सगळं सांगितलं. डिशवॉशर, जावई, वाट्या. बायकोने मधे मधे माझ्या कथेतल्या माझ्या सोयीच्या जागा दुरुस्त केल्या. बाई हसायला लागल्या, इतक्या की गुडघा धरून बसल्या. मला एकदम हायसं वाटलं.

"अरे, पण ती तुटलेलीच होती," त्या म्हणाल्या. "मी शाळेत जायच्या आधीपासून. माझ्या वडलांनी ती हाडांच्या सरसाने जोडली. तो ग्लू काही वर्षांनी वाळून सैल पडतो. मग आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचो, कोमट पाणी घ्यायचो, सगळे तुकडे सोडवायचो, पुसायचो, आणि परत जोडायचो. सांध्यावरचं फुलपाखरू दर वेळी धुऊन जायचं, ते नवीन काढायचं. आधी वडील काढायचे. मग माझा नवरा. तू पाहिलंस ते त्याचं. आता पुन्हा जोडायची वेळ आली होती, आणि माझे हात थरथरतात. म्हणून मी विचार केला, शेजारी ग्लूवाला माणूस आहे, त्याला शिकवावं. बसून हिच्याकडे बघू, म्हटलं होतं मी तुला."

मला तो उग्र वास आठवला. तपकिरी कडा आठवल्या. विचित्र जागी काढलेलं फुलपाखरू दिसलं की खाली काहीतरी लपलेलं असतं, हे ओळखायला नजर लागते, असं बेसमेंटमध्ये सांगणारा माणूसही आठवला.

"मग तू कशाने जोडलंस?" बाईंनी विचारलं.

इथेही माझी जुनी खोड गेली नाही. "एकदम पक्कं काम आहे," मी म्हणालो. "यानंतर हिला तुम्ही उकळलंत तरी ती सुटणार नाही. कधीच नाही."

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी फुलदाणी हातात फिरवली, अंगठ्याने सांधा चाचपला.

"कधीच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग मी इथे बसून काय करू?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. खरोखर विचारलं. फुलदाणी त्यांनी फळीवर ठेवली, कललेले चेहरे भिंतीकडे करून, आणि चहाचं विचारलं. परत येताना गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. आधी सांगितलंच आहे, आमच्या घरात शांतता वाईट.

माझ्या बनवलेल्या ग्लूला सोडवायचा प्रयत्न मी आयुष्यात कधी केला नव्हता. पण तो कशाने मरत नाही याच्या इतक्या चाचण्या मी घेतल्या होत्या की तो कशाने आजारी पडतो हे मला एकट्याला माहीत होतं. आठवड्याने मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "हिला परत माझ्याकडे द्याल?"

"डिशवॉशरमध्ये ठेवणार नाहीस ना?"

"बायकोने त्याला कुलूप घातलंय," मी म्हणालो. ते खरं होतं. सायकलचं.

उरलेली थंडी माझी गॅरेजमध्ये गेली. दार अर्धं उघडं, अंगावर दोन जॅकेटं. कापूस ॲसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात, भिजवायचा, सांध्यावर बसवायचा, वरून फॉइल गुंडाळायचं, आणि वाट बघायची. घाईने चाकू घातला तर सॉफ्ट पेस्ट तडकणार, उष्णता दिली तर तडकणार. करायचं काहीच नाही, नुसतं परत परत कापूस बदलायचा. पहिल्याच दिवशी माझं मेटॅलिक फुलपाखरू उतरलं, पण सांधा जागचा हलला नाही. मी इतका चांगला ग्लू बनवला होता याचा मला पहिल्यांदाच संताप आला. अधूनमधून बायको येऊन दारात उभी राहायची. "सुटलं का?" "नाही." "चांगलं बनवलंत हो," म्हणून आत जायची. एकदा तिने न बोलता चहाचा थर्मास आणून ठेवला.

झालर सुटली तेव्हा बाहेर बर्फ वितळायला लागलं होतं. टिक असा बारीक आवाज झाला. मी तशीच फॉइलमध्ये गुंडाळून फुलदाणी बाईंकडे नेली, कारण पोटाचा मोठा सांधाही आता डुगडुगत होता, आणि तो मी एकट्याने सोडवू नये एवढी अक्कल मला तोवर आली होती. टेबलावर टॉवेल अंथरला. बाईंनी दोन्ही हातांनी धरलं, हात थरथरत होते, मी खालून आधार दिला. जरासा पीळ, आणि दोन तुकडे त्यांच्या दोन हातांत आले. त्यांनी ते कितीतरी वेळ खाली ठेवलेच नाहीत.

सरस मी ऑनलाइन मागवला होता. तो घरी गरम करायचा प्रश्नच नव्हता. "माझ्या गॅसवर हाडं उकळणार?" हे वाक्य न विचारता मला ऐकू आलं होतं. बाईंच्या केटलमधलं गरम पाणी वाडग्यात घेतलं, त्यात सरसाची बाटली उभी केली. खोलीभर मिरजेचा वास पसरला. बरोबर आलेल्या बायकोने पदर नाकाला लावला, पण ती उठून गेली नाही.

"पातळ लाव. आणखी पातळ," बाई सांगत होत्या. "भिंत लिंपतोयस का?"

पहिल्यांदा मी जोडलं ते वाकडं बसलं. तोच तांदळाचा दाणा.

बाईंनी भुवई उचलली आणि कोमट पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "सोडव. परत लाव."

सोडवलं, परत लावलं. तिसऱ्या खेपेला चेहरे नाकासमोर पाहू लागले. मग बाईंनी ड्रॉवरमधून रंगाची पेटी आणि बारीक ब्रश काढून माझ्यापुढे ठेवले.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"माझ्या वडलांनाही येत नव्हतं."

मी जीभ दातांत धरून फुलपाखरू काढलं. पंख, ठिपके, मिशा, सगळं. बाईंनी चष्मा लावला, फुलदाणी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिलं.

"झुरळ आहे का हे?"

"गाडीच्या रंगापेक्षा बरं आहे," बायको म्हणाली.

बाईंनी फुलदाणी फळीवर ठेवली, झुरळाची बाजू खोलीकडे करून.